बिटकॉइनच्या शेजारी थोडी जागा



गेल्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती. सरबत, खाकरे, गप्पा सगळं झालं आणि दिवस मावळायच्या आत आटपावं म्हणून बायका उठू लागल्या. आमच्यातली एक, तिला इथे मी ताई म्हणते, ग्लास ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. दीड लाख रुपये गेले म्हणाली. माहेरच्या नात्यातल्या एकानं ‘नवीन नाणं’ आलंय, बिटकॉइन आता महाग झालं, हे पुढचं बिटकॉइन, असं सांगून तिला आत घेतलं होतं. मोबाईलवर रोज आकडा वाढताना दिसायचा. आणखी दोघींना आणलं की आकडा आणखी वाढायचा. पैसे काढायला गेली तेव्हा आधी ‘टॅक्स भरा’ असा निरोप आला, आणि मग ते ॲपच उघडेना. दोन पाटल्या मोडून घातलेले पैसे होते. घरी तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

अशी गोष्ट लपत नाही. पुढच्या भिशीपर्यंत ती नाव न घेता सगळ्यांना कळली होती, आणि त्यावर आमच्या मंडळाचा निकालही लागला होता: घ्यायचंच असेल तर फक्त बिटकॉइन घ्यावं, बाकीची सगळी नाणी म्हणजे फसवणूक.

मला हा निकाल मान्य नाही, आणि तेवढ्यासाठीच आज लिहिते आहे. मी काही या विषयातली जाणकार नाही. पापड-शेवयांच्या ऑर्डरींतून साठलेल्या माझ्या स्वतःच्या पैशांतले वीस हजार मी तीन-चार वर्षांत थोडे थोडे करून या नाण्यांत घातले. आधीच ठरवलं होतं की गेले तर कुणाच्या शाळेची फी अडणार नाही एवढेच घालायचे. परिग्रहाचं परिमाण आपण सोन्याला, धान्याला, जमिनीला घालतो, तसंच यालाही घातलं. ही मर्यादा मी आजवर ओलांडलेली नाही. तुम्ही यात पैसे घालाच असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुळीच न घालणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे, आणि आमच्या ‘ह्यां’चा तोच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. एका नाण्याच्या नावावर ‘सोज्वळ’ असा शिक्का मारला आणि बाकी सगळी ‘लबाड’ ठरवली, तर फसवणूक थांबत नाही, आणि चांगल्या कल्पनाही आपल्या नजरेतून सुटतात.

आधी फसवणुकीचं बघू. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’ नावाच्या योजनेच्या सभेत माणसं पकडली होती. तिथे नाणं म्हणून जे विकत होते त्याची खरी, उघडी खातेवही कुठे नव्हतीच. जगभरातून अब्जावधी डॉलर गोळा झाले आणि ती चालवणारी बाई २०१७ च्या शेवटी बेपत्ता झाली. हे झालं ‘दुसऱ्या नाण्या’चं उदाहरण. पण त्याच काळात आपल्या पुण्यात गाजलं ते ‘गेनबिटकॉइन’चं प्रकरण. त्यात लोकांनी दिलेलं आणि लोकांना परत कबूल केलेलं नाणं अस्सल बिटकॉइनच होतं. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं वचन होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. तोवर बिटकॉइनऐवजी योजनावाल्यांनी स्वतःच काढलेलं एक कमी किमतीचं नाणं लोकांच्या गळ्यात मारलं होतं. नाणं खरं होतं, तरी फसवणूक झालीच. ताईलाही जे घेऊन गेलं ते ‘दुसरं नाणं’ नव्हतं. रोज ठराविक वाढ आणि ‘आणखी दोघींना आण’ या दोन गोष्टींनी तिला नेलं. उद्या तोच नातलग बिटकॉइनचं नाव घेऊन येईल, आणि आपण ‘हे तर सोज्वळ’ म्हणून दार उघडू. मला भीती वाटते ती याची.

आता नाण्यांकडे येते. बिटकॉइन मला आवडतं, हे आधीच सांगते. जानेवारी २००९ पासून ते चालू आहे. त्याचा मालक कुणी नाही. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर नाणी कधी निघणार नाहीत हा त्याचा नियम, आणि दर चार वर्षांनी नवीन नाण्यांचा ओघ निम्मा होतो. एप्रिल २०२४ मध्ये तो चौथ्यांदा निम्मा झाला. आपल्या लॉकरमधल्या सोन्याच्या वळ्यासारखं ते आहे. पण वळं घेऊन कुणी भाजीला जात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गर्दी झाली तेव्हा बिटकॉइनचा एक व्यवहार करायला सरासरी ५० डॉलरच्या वर फी पडत होती. साधारण दहा मिनिटांनी वहीचं एक पान लिहून होतं, आणि त्या पानावर मावतील तेवढेच व्यवहार. हा दोष मी मानत नाही. जपून ठेवण्याच्या वस्तूचं तसंच असायचं. फक्त तिच्याकडून सगळी कामं करून घेऊ नयेत.

दुसरी कामं दुसरी नाणी करतात. डॉलरशी किंमत बांधलेली नाणी आहेत, त्यांना स्टेबलकॉइन म्हणतात. त्यांतून श्रीमंत व्हायचं नसतं, एका जागचे पैसे दुसऱ्या जागी पोचवायचे असतात. युक्रेनमध्ये युद्धानं घर सोडावं लागलेल्या लोकांना डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेनं अशाच नाण्यातून मदत द्यायला सुरुवात केली. यूएसडीसी नावाचं नाणं, स्टेलर नावाच्या जाळ्यावरून थेट माणसाच्या मोबाईलमध्ये. बँकेचं खातं मागे राहिलेल्या, पिशवीत दोन कपडे घेऊन निघालेल्या बाईला ते मनीग्रामच्या दुकानात जाऊन रोख करून घेता येई. ज्याची किंमत आठवड्यात दहा टक्के हलते असं नाणं तिला देऊन काय उपयोग होता?

आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली घ्या. २०२२ मध्ये तिथे ६५ हजारांच्या आसपास जातीचे दाखले पॉलिगॉन या जाळ्यावर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं, म्हणजे खोटा दाखला करणाऱ्याला नोंद बदलता येऊ नये. पॉलिगॉन उभं केलं ते मुख्यतः आपल्या भारतीय मुलांनी, २०१७ मध्ये. ते इथेरियमच्या आधारानं चालतं, आणि त्या जाळ्याचंही स्वतःचं नाणं आहे, कारण नोंद करणाऱ्यांना मोबदला द्यायला ते लागतं. ‘बिटकॉइन सोडून सगळं खोटं’ म्हटलं की दाखल्याची ही वहीसुद्धा त्या शिक्क्याखाली जाते.

पण मला खरं हलवलं ते यांपैकी कशानंही नाही. ती गोष्ट आमच्या सासूबाईंची.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला होता आणि जेवणानंतर मला समजावत होता की बिटकॉइनची वही कशी लिहितात. जगभर हजारो यंत्रं एक आकडा ओळखायची शर्यत लावतात, ज्याला आधी सापडेल तो पान लिहितो आणि त्याला बक्षीस मिळतं, बाकीच्यांची मेहनत वाया. सासूबाई कोपऱ्यात बसून जपमाळ ओढत होत्या. त्यांनी आयुष्यभर दुपदरी कापडातून पाणी गाळून घेतलंय, आणि माळ्यावर नळ आला तरी गाळणं सोडलेलं नाही. त्यांनी माळ थांबवली आणि विचारलं, “बाळा, ती सगळी यंत्रं विजेवर चालतात ना? मग ह्यात हिंसा किती?”

भाचा हसला. “आजी, हे आत्तापर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं.” मग मोबाईल काढून बघू लागला, आणि हळूहळू त्याचं हसू गेलं.

केंब्रिज विद्यापीठाची माणसं याचा सतत अंदाज बांधत असतात. त्यांच्या हिशोबानं बिटकॉइनला वर्षाला १०० अब्ज युनिटहून जास्त वीज लागते. आपल्यासारख्या घराला महिन्याला दीडशे युनिट धरले, तर पाच कोटींहून जास्त घरांची वर्षाची वीज झाली. त्यातली बरीच धरणांवरची, वाऱ्यावरची असते हे खरं, पण कोळशाची आणि गॅसचीही खूप असते. शर्यतीत हरलेल्या यंत्रांचीही वीज यात आली, आणि जवळजवळ सगळी यंत्रं दर वेळी हरतच असतात.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. संकल्पी हिंसा श्रावकानं सोडलीच पाहिजे. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा संसारात राहून पूर्ण सुटत नाही, पण ती कमी करत जायचं. म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी धंदे निवडून घेतले. व्यापार करायचा तर तो कापडाचा, धान्याचा, सराफीचा, आणि जिथे जीव जास्त मरतात तो टाळायचा. मग पैसे कशात गुंतवायचे हे ठरवतानाही तोच प्रश्न लागू होतो की नाही? सासूबाईंनी तो अर्ध्या वाक्यात विचारला. मी दोन वर्षं नाणी बाळगून होते आणि माझ्या मनात तो आला नव्हता, याची मला आजही लाज वाटते.

भाच्यानं मग दुसरी बाजू सांगितली. इथेरियमही आधी असंच शर्यतीवर चालायचं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी पद्धत बदलली. आता पान लिहिण्याचा मान शर्यत जिंकून मिळत नाही. ज्यांनी आपली नाणी हमी म्हणून अडकवून ठेवलीत त्यांच्यातून चिठ्ठीनं निवड होते, आणि लबाडी केली तर अडकवलेली नाणी कापली जातात. त्या एका दिवसात त्यांची विजेची गरज ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. चालत्या गाडीचं इंजिन बदलावं तसं, वही एक दिवस बंद न ठेवता. सासूबाई म्हणाल्या, “मग हे बरं,” आणि माळ पुढे सुरू झाली.

आता यावर बिटकॉइनवाले जे म्हणतात तेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं, वीज हाच पहारा आहे. वही खोटी करायची तर तेवढी वीज आणि यंत्रं आणावी लागतील, म्हणून कुणी धजत नाही. हमीच्या पद्धतीत ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचा शब्द जास्त, आणि इथेरियमवर स्वतः पहारा द्यायचा तर ३२ नाणी अडकवावी लागतात, ती सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. संस्थेच्या सभेत मोठ्या भागधारकाचं कसं चालतं ते आपण बघतोच. पण पहारा कमी खर्चात देता येतो का, हे कुणीतरी करून बघायला नको का?

करून बघितलं ते दुसऱ्या नाण्यांनीच. हमीवर चालायची ही कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली २०१२ मध्ये पीअरकॉइन नावाच्या एका लहान नाण्यानं. आज आपल्या भाच्यांनासुद्धा त्याचं नाव धड माहीत नसतं. त्या वेळी सगळ्यांनी ‘बिटकॉइन पुरे, बाकीचं कशाला’ म्हटलं असतं तर पुढचं घडलंच नसतं. २०११ मध्ये आलेलं लाइटकॉइन अडीच मिनिटांत पान लिहितं. व्यवहाराची नोंद आटोपशीर करायची ‘सेगविट’ नावाची सुधारणा बिटकॉइनमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये आली, पण त्याआधी मे महिन्यात ती लाइटकॉइननं स्वीकारून चालवून दाखवली होती. थोरल्या जावेनं नवीन पदार्थ आधी छोट्या पातेल्यात करून बघावा, तसं.

एकट्या बिटकॉइनवरच सगळा भार ठेवायला मी कचरते त्याचं आणखी एक कारण आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका चुकीनं एका व्यवहारात १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन तयार झाली होती. २ कोटी १० लाखांची मर्यादा असलेलं नाणं! काही तासांत ते दुरुस्त झालं, ते पान रद्द केलं गेलं. तेव्हा त्याला किंमत फारशी नव्हती म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. माणसानं लिहिलेलं आहे, चुका होणार. म्हणून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या रीतीनं लिहिलेल्या वह्या जगात असलेल्या बऱ्या.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण तो विकणारे लोक मुद्दाम पसरवतात. शेअरबाजारवाले एका टोपलीत सगळी अंडी ठेवू नका म्हणतात. (आपल्या घरात अंड्यांची म्हण चालायची नाही. आपण कणगी म्हणू.) तेव्हा पाच-सहा नाणी घेतली की धोका वाटला जातो, असं सांगतात. नाही वाटला जात. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरानं ते १६ हजारांच्या खाली आलं. इथेरियमही त्याच काळात ४,८०० वरून घसरून जून २०२२ मध्ये हजाराच्या खाली गेलं. एका छपराखाली ठेवलेल्या कणग्या आहेत या, पाणी आलं की सगळ्या भिजतात. दुसऱ्या नाण्यांची बाजू मी घेते ती त्यांची कामं वेगळी आहेत आणि विजेचा हिशोब वेगळा आहे म्हणून. ती घेतली की पैसे सुरक्षित राहतात असं कुणी सांगितलं तर उठून यावं.

आणि बहुतेक नाणी मरतातच, हेही लपवत नाही. मे २०२२ मध्ये टेरा नावाच्या जाळ्याचं लुना हे नाणं आठवड्याभरात ८० डॉलरवरून जवळजवळ शून्यावर आलं. त्याच्या जोडीचं ‘स्थिर’ म्हणवणारं नाणं एक डॉलरला बांधलेलं होतं, पण त्यामागे डॉलर नव्हते, नुसती गणिताची युक्ती होती. मीही एका छोट्या नाण्यात तीन हजार घालवलेत. त्याचं नाव घेत नाही. कुत्र्याचं चित्र होतं आणि ते गोड दिसलं, एवढंच माझं कारण होतं.

आपल्या करांचा नियमही अनेक नाण्यांच्या विरोधात जातो. २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि वर उपकर. शिवाय एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बिटकॉइनमध्ये दहा हजार मिळाले आणि दुसऱ्यात दहा हजार गेले, तर हातात शून्य, तरी ३,१२० रुपये भरायचे. विकताना एक टक्का टीडीएस वेगळा. त्यामुळे उगाच दहा नाणी घेऊन रोज खाली-वर करणं आपल्याला परवडत नाही.

माझ्या वहीत आज तीनच नावं आहेत. निम्मे पैसे इथेरियममध्ये आहेत, सासूबाईंच्या प्रश्नानंतर मी ते तसे केले. निम्म्याहून थोडे कमी बिटकॉइनमध्ये. उरलेले किरकोळ एका तिसऱ्यात, तेही त्याचं काम मला दोन वाक्यांत सांगता येतं म्हणून. प्रत्येकासमोर मी लिहिलंय की याची वही कुणालाही उघडून बघता येते का, नवीन नाणी कोण आणि किती काढू शकतं, आणि मी आज विकलं तर आज पैसे बँकेत येतात का. ‘आणखी दोघींना आण’ म्हणणारं काहीही असलं तर पुढचे प्रश्न विचारायचेही नाहीत. आणि किल्लीचे बारा शब्द एका कागदावर लिहून तो पासबुकांच्या पिशवीत ठेवलाय. ‘ह्यां’ना जागा दाखवून ठेवलीय. पटत नसलं तरी माहीत असावं.

ताई परवा सकाळी आली होती. १९३० या क्रमांकावर फोन लावून तक्रार नोंदवली, मग साइटवर अर्ज भरला, बँकेचे उतारे जोडले. उशीर झालाय, पैसे परत येतील असं मी तिला सांगितलं नाही. अर्जात ‘नाण्याचे नाव’ लिहायची वेळ आली तेव्हा तिला ते नीट आठवेना, तीन वेळा वेगवेगळं सांगितलं. शेवटी ती उठून खिडकीशी गेली आणि खाली हाक मारली. भाऊजी स्कूटरवर बसून वाट बघत होते. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर नाव, तारखा, रकमा सगळं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.